शेवग्यावरचे सुरवंट आणि कडावचा मांडव

फुफी आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा तिच्या सामानात एक पत्र्याची पेटी, एक शिवणयंत्र आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली शेवग्याची फांदी होती. फांदी मनगटाएवढी जाड आणि माझ्याहून उंच. टेंपोच्या केबिनमध्ये ती मावेना आणि फुफी ती मागे टाकू देईना. शेवटी खिडकीतून अर्धी बाहेर काढली आणि समुद्रकाठच्या तिच्या गावापासून आमच्या कुंभिवलीपर्यंत फुफी ती हाताने धरून बसली. माणगावला आम्ही चहाला थांबलो, तर उतरलीसुद्धा नाही.

"फुफी, शेवगा आमच्याकडंपण मिळतो," मी म्हणालो.

"मिळत आसंल. ह्यो माझा हाय."

फुफी म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न होऊन ती श्रीवर्धनच्या बाजूला गेली. तिच्या नवऱ्याची, म्हणजे फुफांची, सुपारीची वाडी होती. वादळात वाडीतली निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली, आणि पुढच्या पावसाळ्यात फुफाही गेले. मूलबाळ नव्हतं. दीर चांगले होते, राहा म्हणत होते, पण त्या रिकाम्या झालेल्या वाडीकडे बघत बसणं तिला जमेना. माझे वडील तेव्हा नव्हते. मग मीच गेलो आणि घेऊन आलो.

आमचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. वडिलांनी थोड्या बांबूंवर आणि उसन्या कापडावर सुरू केलेला. खालापूर, कर्जत, खोपोली, रसायनी, एवढ्या टापूत लग्न, साखरपुडा, उरूस, गणपती काहीही असलं की आमचा टेंपो जातो. घराच्या मागे पत्र्याचं गोदाम आहे. त्यात बांबू, लोखंडी पाइप, गाद्या, खुर्च्या, छताचं कापड आणि झालरींचे गठ्ठे. गोदामाच्या मागच्या भिंतीपाशी फुफीने आल्या दिवशीच खड्डा खणून ती फांदी लावली. शेवग्याला फार लाड लागत नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यात तो गोदामाच्या पत्र्यापर्यंत पोचला. आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सुरवंट आले.

ते मला पहिल्यांदा डोळ्यांनी नाही, हाताने कळले. झाडाला टेकवून ठेवलेले वासे उचलायला गेलो. वाशाच्या मागे खोडावर काहीतरी मऊ, ओल्या घोंगडीसारखं लागलं. हात मागे घेतला तोवर कोपरापर्यंत आग सुरू झाली होती. बघतो तर खोडावर वीतभर रुंदीचा तपकिरी पट्टा, आणि तो हलतोय. शेकडो केसाळ सुरवंट एकमेकांना चिकटून बसले होते.

मी ओरडलो तशी फुफी धावत आली. "खाजवू नको! खाजवशील तर केस आत जातील." तिने गोदामातलं कोरडं गोणपाट घेतलं आणि माझ्या हातावरून एकाच दिशेने, वरून खाली, जोरजोराने ओढलं. मग खोबरेल तेल चोळलं. माझे डोळे पाण्याने भरले होते. तेल चोळता चोळता ती खोडाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला. इतक्या दिवसांत तसा तो दिसला नव्हता.

"आले रं," ती म्हणाली. "मला वाटलं हितं येतात का नाय."

"उद्या पलिता लावतो यांना," मी म्हणालो. काठीला चिंधी गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून पेटवायची आणि खोडावरून फिरवायची, हा सगळीकडचा उपाय. सुरवंट पटापट गळून पडतात.

फुफीचा हात थांबला. "पलिता लावशील तर मी माझी पेटी उचलीन आणि जाईन."

ती गमतीने बोलत नव्हती. त्या संध्याकाळी जेवताना तिने आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. तिच्या सासरी अंगणात असाच शेवगा होता. सुपारी सोलायच्या आधी बरेच दिवस उन्हात वाळवावी लागते. ती अंगणभर पसरायची आणि पाऊस आला की धावत गोळा करायची. एकदा भिजली की डाग पडतो. म्हणून रोज सकाळी सुपारी पसरायच्या आधी आकाश बघायचं, वारा बघायचा. आणि तिच्या सासूने तिला शेवग्याचं खोड बघायला शिकवलं. दिवसा सुरवंट खोडावर गोळा होऊन बसतात. ते वर, फांद्यांच्या बेचक्यापाशी बसले तर पाऊस. खाली, बुंध्याशी बसले तर उघडीप. आणि पावसाळ्याच्या शेवटी ते खाली उतरून मातीत शिरले, की पाऊस त्या वर्षापुरता संपला.

"सुरवंट चढला, पाऊस पडला. सुरवंट उतरला, पाऊस सरला," फुफी म्हणाली. "सासू म्हणायची."

माझ्या बायकोने विचारलं, "मग वादळाचं नाय सांगितलं त्यांनी?"

फुफीला राग येईल असं मला वाटलं, पण तिने सरळ उत्तर दिलं. "वादळ आलं तवा त्यांचा हंगाम नव्हता. झाडावर एक नव्हता."

पलिता लावला नाही. मी वासे दुसऱ्या भिंतीला नेले, झाडाकडच्या बाजूची खिडकी पत्रा ठोकून बंद केली, आणि गठ्ठ्यांवर जुन्या चादरी टाकल्या. फुफी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागे जाऊ लागली. आत येताना, आम्ही काही विचारायच्या आधीच, ती सांगायची, "आज खाली हायत. कपडे बाहेर घाला." किंवा, "वर गेलेत, छत्री ने."

आता खरं सांगायचं तर पावसाळ्यात कर्जत-खालापूरला 'आज पाऊस पडेल' म्हणणाऱ्याचं चुकणं कठीण. पण उघडीप सांगणं सोपं नाही, आणि फुफी ती सांगायची. गणपतीच्या आधी रसायनीच्या एका वसाहतीत आमचा मंडप होता. सगळे म्हणत होते दोन दिवस थांबा, फार पाऊस आहे. फुफी म्हणाली, "उद्या घाला, उद्या कोरडं हाय." आम्ही घातला, आणि दिवसभर एक थेंब आला नाही. तेव्हापासून माझ्या मुकादमाने ते जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. चुकायचंही तिचं. पण चुकलं की तिच्याकडे कारण तयार असायचं. भारद्वाज पक्षी येऊन गेला, त्याला घाबरून ते वर चढले. नाहीतर शेजारच्यांनी पाचोळा जाळला, धूर लागला. माझी मुलगी मोबाईलवर हवामान काढून दाखवायची आणि दोघींची रोज पैज लागायची. हरलेली कांदे चिरायची. कांदे जास्त मुलीने चिरले एवढं मला आठवतं.

हळूहळू फोन येऊ लागले. मांडव ठरवायला फोन करणारा माणूस शेवटी विचारायचा, "आणि तुमची फुफी काय बोलते?" कुणाला भात झोडायचं असायचं, कुणाला घराचा स्लॅब टाकायचा असायचा. गावातली कोणी बाई मसाल्याच्या मिरच्या वाळत घालायच्या आधी मागच्या दाराने येऊन विचारून जायची. फुफीला हे आवडायचं. ती केस नीट विंचरून, ओढणी सारखी करून झाडापाशी जायची. कुणी आलेलं असलं तर जास्तच वेळ बघायची.

अशा दिवसांत कडावचा एक शेतकरी आमच्याकडे आला. दसरा नुकताच झाला होता. माणूस माझ्याच वयाचा, सकाळी रसायनीच्या कारखान्यात पाळी करून दुपारी शेतात उतरणारा. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं. थोरली मुलगी, घरातलं पहिलं कार्य. मुलगी स्वतःही बरोबर आली होती. तिने मोबाईलमध्ये फोटो दाखवले. तिला वर कापड नको होतं. नुसता पाइपांचा सांगाडा, त्याला फुलं, मधोमध झुंबर आणि वर उघडं आकाश, त्याखाली दिव्यांच्या माळा.

"दिसायला छान दिसेल," मी म्हणालो. "पण ताडपत्री टेंपोत ठेवू. लागली तर लागली."

मुलीचा बाप फुफीकडे वळला. ती दारातच बसली होती. "काय फुफी? तुमी सांगा."

फुफी उठली. सगळे मागे गेलो. शेवग्याच्या खोडावर काही नव्हतं, नुसते वाळलेल्या कातीचे तुकडे आणि जाळीसारखा पांढरा धागा. बुंध्याशी माती भुसभुशीत झाली होती. फुफीने पायाच्या अंगठ्याने माती जरा बाजूला केली.

"उतरले," ती म्हणाली. "सगळे मातीत गेले. पाऊस सरला आता. खुशाल उघडा मांडव घाला."

मुलीने टाळी वाजवली. मी परत ताडपत्रीचं काढलं. मुलीचा बाप हसत म्हणाला, "काय भाई, आपल्याच घरच्या बाईवर तुमचा इश्वास नाय?"

ताडपत्री गोदामातच राहिली.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही कडावला पोचलो. भातं कापून झाली होती. खळ्यावर झोडणी उरकली होती, अंगणाच्या कडेला पेंढ्याचा ढीग रचलेला. ऊन कडक. मोबाईलमध्ये समुद्रात काहीतरी तयार होतंय असं दोन दिवस येत होतं, माझ्या मुलीने मला निघताना सांगितलंही होतं, पण वर बघितलं तर ढगाचा ठिपका नाही. दुपारपर्यंत सांगाडा उभा राहिला. झेंडूची तोरणं चढली. झुंबर लावलं. जेवणं आटोपली आणि बायका पाटा-वरवंटा काढून हळदीच्या तयारीला लागल्या.

मी शिडीवर होतो. वारा एकदम पडला. मग माथेरानच्या बाजूने थंड झुळूक आली, आणि तिकडे बघतो तर डोंगराची कड दिसेनाशी झाली होती.

मी खाली उतरून आधी मेन स्विच बंद केला. एवढंच जमलं. पुढच्या काही मिनिटांत तो पाऊस आला, आणि तो आषाढातल्यासारखा आला. झेंडूचा रंग पाण्याबरोबर खांबांवरून ओघळू लागला. गाद्या उचलेपर्यंत त्यांनी पाणी प्यायलं. पेंढा झाकायला लोक धावले, धान्याच्या पोत्यांकडे धावले, आणि नवरीकडची पाहुणे मंडळी खुर्च्या डोक्यावर धरून ओटीवर दाटीवाटीने उभी राहिली. घर लहान होतं. एवढ्या माणसांना आत जागाच नव्हती.

मुलीचा बाप भर पावसात अंगणात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. रागावून काही बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्याने नुसती मान फिरवली.

मग मुलीची आई पुढे झाली. तिने नवऱ्याला नाही, दिराला हाक मारली. शेजारीच दिराचा म्हशींचा गोठा होता, चांगला लांबरुंद, वर पक्का पत्रा, खाली कोबा. कर्जतला दूध घालायचे ते.

"भावजी, म्हशी भाईर काढा."

"भाईर कुठं?"

"मांडवात!"

क्षणभर कुणाला कळेना ती खरंच म्हणते की काय. मग दीर हसला आणि दावी सोडायला धावला. म्हशींना पावसाचं काय? त्या एकामागून एक संथपणे आमच्या फुलांच्या मांडवात जाऊन उभ्या राहिल्या. एक झुंबराच्या बरोबर खाली रवंथ करत थांबली. दुसरीने खांबावरचं तोरण ओढून खायला घेतलं. ओटीवरच्या पाहुण्यांत कोणीतरी फिसकन हसलं, आणि सगळी ओटी हसू लागली. बायकांनी पदर खोचले, बादल्या आणल्या आणि गोठा धुवायला घेतला. सामान उतरवून टेंपो सकाळीच परत गेला होता, म्हणून मी घरी फोन केला. बायकोला सांगितलं, असतील नसतील तेवढ्या ताडपत्र्या भरून टेंपो पाठव, उद्याच्या लग्नाला तरी छप्पर पाहिजे.

टेंपो आला तेव्हा पाऊस ओसरला होता. केबिनचं दार उघडलं आणि आतून फुफी उतरली.

मी म्हणालो, "तू कशाला आलीस?"

चिखलातून चपला हातात घेऊन ती सरळ गोठ्याकडे गेली. मी मागोमाग गेलो, कारण मला भीती वाटत होती. कुणी तिला टाकून बोललं तर? मुलीची आई कोबा घासत होती. फुफी तिच्यासमोर उभी राहिली.

"मी ती सुरवंटवाली. माझ्यामुळं तुमचा मांडव भिजला. चुकलं माझं."

सगळ्या बायका थांबल्या. मुलीच्या आईने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. तिचा चेहरा दमलेला होता. "पाऊस काय तुमचा नोकर हाय का, फुफी?" ती म्हणाली. "आल्या हात तर तो झाडू घ्या. त्या कोपऱ्यात अजून घाण हाय."

फुफीने झाडू घेतला. आमच्या घरी तिला आम्ही कधी झाडू मारू दिला नव्हता. ती त्या बायकांबरोबर वाकून तो कोपरा झाडत राहिली, आणि त्यांच्यातलीच एक झाली. अंधारायच्या आत गोठ्यात रांगोळी पडली, भिंतींना आमचंच कोरडं कापड लागलं, बॅटरीवरचे दिवे लागले. गुराढोरांचा वास गेला नाही, पण त्यावर हळदीचा वास चढला. बायकांनी गाणी धरली. हळद लावायची वेळ आली तशी फुफी मागे सरून दाराशी गेली. नवरीने ते बघितलं.

"फुफी, या ना."

"नाय गं. मी नवरा गेलेली बाय. तुमच्यात चालत नसंल."

नवरी आपल्या आईकडे बघू लागली. आईने जरा विचार केला. मग म्हणाली, "गोठ्यात हळद चालते, तर हे का नाय चालणार? या." फुफीने नवरीच्या गालाला हळद लावली आणि नवरीने तिच्या. फुफी हसली नाही, रडली नाही. गालाला हात न लावता तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी लग्न ताडपत्रीखाली झालं. मांडव काही फोटोतल्यासारखा दिसला नाही. निळ्या ताडपत्रीचा रंग सगळ्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. मुलीचा बाप माझ्याशी कामापुरतं बोलला. नवऱ्याकडच्या दोन-चार जणांनी "म्हशींचा मांडव" म्हणून टोमणे मारले होते आणि ते त्याला लागले होते.

परत येताना टेंपोत फुफी माझ्या शेजारी बसली होती. चौक गावाच्या पुढे हायवेला लागल्यावर ती बोलू लागली.

"तिकडं मी नुसते सुरवंट नाय बघायची रं. दर्यापण बघायची. लाट कशी येते, पाण्याचा रंग काय. हितं दर्या नाय. मी निम्मंच घेऊन आले, आणि सगळं हाय असं बोलत बसले."

मी म्हणालो, जाऊ दे.

"आणि दुसरं सांगू? फुफा रोज सकाळी इचारायचा, आज काय म्हणतात तुझे सुरवंट? त्याला काय त्याच्यातलं समजत नव्हतं. पण इचारायचा. कधी मला समजायचं, कधी नाय समजायचं. पण नाय समजत असं त्याला मी कधी बोलले नाय. कायतरी सांगायची. सुपारी भिजली तरी तो दुसऱ्या दिवशी परत इचारायचा."

एवढं बोलून ती बाहेर बघू लागली. मी गाडी चालवत राहिलो. माझ्या मनात आलं की आम्ही सगळे तिला विचारत होतो, मी, मुकादम, ते फोनवाले, आणि ती सगळ्यांना कायतरी सांगत होती.

त्यानंतर तिने झाडाकडे जाणं बंद केलं. पुढच्या पावसाळ्यात सुरवंट पुन्हा आले, आधीच्यापेक्षा जास्त. फुफी चहा घेऊन पुढच्या ओट्यावर बसायची, रस्त्याकडे तोंड करून. फोन आला तर म्हणायची, "मला नाय म्हायती. मोबाईल बघा." माझी मुलगी रोज मुद्दाम चुकीचं हवामान वाचून दाखवायची, पैज लावू म्हणायची. फुफी आपणहून कांदे चिरायला घ्यायची. बायको मला म्हणाली, तिला काहीतरी सांग. पण मी काय सांगणार? तू बरोबर होतीस म्हणू? नव्हती. सुरवंटांना काही कळत नाही म्हणू? ते तरी मला कुठं माहीत होतं?

त्यात मला ते झाड तोडायचीही संधी होती. गोदाम वाढवायचं होतं आणि शेवगा नेमका आडवा येत होता. मी एकदा तसं बोलून बघितलं. फुफी म्हणाली, "तुझी जागा हाय, तोड." तिने इतकं सहज म्हटल्यावर माझ्याच्याने तोडवेना. मी गोदाम दुसऱ्या अंगाने वाढवलं.

श्रावणात एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. कडावचा तोच शेतकरी. लग्नानंतर तो मला एकदा कर्जतच्या बाजारात दिसला होता, पण न बघितल्यासारखं करून गेला होता. आता हातात स्टीलचा डबा होता.

"म्हैस व्याली," तो म्हणाला. "चीक आणलाय, खरवस करा. फुफी हाय का?"

फुफी आत होती. ती बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तो खुर्चीवर बसला, पाणी प्याला, जावई चांगला आहे म्हणाला, लावणी उशिरा झाली म्हणाला. मग डबा तिच्या पुढे सरकवत त्याने विचारलं, "दोन दिवसांनी खत मारायचंय. पाऊस लागला तर वाहून जातं सगळं. बघा की जरा झाडाकडं."

"नाय बघत मी आता."

"का?"

"का म्हणजे? तुझा मांडव भिजवला."

"भिजला," तो म्हणाला. "मला राग आला व्हता, खोटं कशाला बोलू. लय दिवस व्हता. पण फुफी, मोबाईलवालं हवामान चुकतं तवा कोण येतं का ताडपत्र्या घेऊन? कोण येऊन गोठा झाडतं का? माझी बायको अजून बोलते."

फुफीने डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं. बराच वेळ लावला तिने या एवढ्याशा कामाला. मग म्हणाली, "चल. पण मी काय सांगणार नाय."

"नका सांगू. बघू नुसतं."

ते दोघे मागे गेले आणि त्यांच्यामागून मी. पाऊस थांबलेला होता. खोडावर सुरवंटांचा जाड पट्टा होता, काही बेचक्यापाशी, काही पार खाली, काही मधेच. त्यांच्या केसांवर पाण्याचे बारीक थेंब अडकले होते. मी इतके दिवस त्यांच्यापासून लांब राहिलो होतो. त्या दिवशी जरा जवळून बघितलं. प्रत्येकाच्या पाठीवर फिकट पिवळ्या केसांचे झुबके होते, आणि एक हलला की सगळ्या पट्ट्यातून थरथर जात होती.

"काय कळतं का?" त्याने विचारलं.

"नाय," फुफी म्हणाली. "निम्मे वर हायत, निम्मे खाली. मला नाय कळत."

हे बोलताना तिचा आवाज हलका झाला होता. शेतकरी म्हणाला, "मग मी खत जरा थांबून मारतो," आणि दोघे अजून तिथेच उभे राहून सुरवंटांविषयी बोलत राहिले. किती दिवसांत वाढतात, मातीत गेल्यावर काय होतं, पाखरू कसं निघतं. फुफीला ते पाखरू माहीत होतं. पिवळसर, मोठं, दिव्यावर येणारं. त्याला ते पहिल्यांदाच कळत होतं.

खत मारलं का आणि पाऊस लागला का, ते मी विचारायचं विसरलो.

तेव्हापासून फुफी पुन्हा मागे जाऊ लागली. कुणी विचारलं तर जे दिसतं ते सांगते, वर आहेत की खाली. पाऊस येईल की नाही, ते विचारणाऱ्याने ठरवायचं. फोन आता फारसे येत नाहीत. ज्यांना नक्की उत्तर हवं असतं ते दुसरीकडे विचारतात. कडावला मात्र ती वर्षातून दोनदा-तीनदा जाते, कधी मी सोडतो, कधी ती शेअर रिक्षाने एकटीच जाते. येताना तूप आणते.

गेल्या हिवाळ्यात तिथल्या मुलीला मुलगा झाला. बाळंतपणाला ती माहेरी आली होती आणि बारसं कडावलाच होतं. मांडव आमचाच, या वेळी वर जाड ताडपत्री आणि कुणाची तक्रार नाही. फुफीने आपल्या शिवणयंत्रावर बाळासाठी दुपटी शिवून नेली होती. बायकांच्या घोळक्यात तिला पाळण्याजवळ जागा मिळाली. नवऱ्याकडची एक म्हातारी तिला ओळखून म्हणाली, "ती सुरवंटवाली फुफी का गं ही? फुफी, या वर्षी थंडी कशी काय हाय?"

फुफी पाळण्यावर वाकलेली होती. "थांब गं बाय," ती म्हणाली, "पोराचं तोंड तर बघू दे आधी." आणि तिने दुपट्याची कड बाजूला केली.